छातीचा घेर

मांजरीच्या पुढे, नदी जिथे फेस घेऊन वळते,
तिथे दोन गोठे. मालक एक, पेंड एक.
पहिला पत्र्याचा, खाली कोबा,
बारा रेडकं ओळीनं, प्रत्येकाला दोन हात दावं.
दुसरा नुसताच आवार:
मुरूम, पाचटाची गादी, एक शिरीष,
आणि नळ गळतो म्हणून आपोआप झालेला चिखल.
म्हशींचं दूध कोथरूडला चहात जातं.
नर झाला की तो इकडे, आमच्याकडे.

शाल्मलीताई येतात दर दुसऱ्या मंगळवारी,
वही, पेन, शिंप्याची टेप.
मी घेर धरतो, त्या लिहितात.
"पुढच्या पायांच्या मागून, भाऊ. श्वास सोडल्यावर."
रेडकानं श्वास कधी सोडला, कोण सांगणार?
मी माझाच सोडतो
आणि आकडा वाचतो.

पौषात कोब्यावरची रात्रभर उभी असतात.
बसलं की गारठा पोटातून वर चढतो.
दिवसभर खाल्लेलं
रात्रीच्या थरथरीत जातं,
अंगाला लागणार काय?
चैत्रात तोच पत्रा तवा होतो,
मुताचा वास डोळ्यांत झोंबतो,
गव्हाणीत पेंड तशीच, वर माशांचा थर.
पलीकडे आवारातली चिखलात बुडून,
वर फक्त नाकं आणि कान.
एखादा कान हलतो. बस.

माझी खोलीही पत्र्याचीच, शेवाळवाडीला.
माझा घेर कोणी मोजत नाही.
पँटचा हुक सांगतो तेवढंच.

आठ महिन्यांनी ताईंनी कागदावर दोन रेघा काढल्या.
एक चढते, एक रांगते.
ताई खूश. मीही,
कारण हे मला वीस वर्षं ठाऊक होतं
पण माझ्या ठाऊक असण्याची कधी रेघ झाली नव्हती.
"फक्त हा सात नंबर," त्या म्हणाल्या,
"कोब्यावरचा, आणि वाढलाय आवारातल्यासारखा.
कसा काय?"
मी गळक्या नळाकडे पाहिलं.
त्याच्या गुडघ्यावर घट्टा धरला होता, कच्च्या आंब्याएवढा,
म्हणून दिवाळीपासून रोज रात्री
मी त्याचं दावं सोडतो आणि पहाटे बांधतो,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

रफीउद्दीन टेप आणत नाही.
कमरेवर पंजा ठेवतो, डोळे मिटतो,
दोन किलोसुद्धा चुकत नाही.
"दोनशे भरले की गाडी," एवढाच त्याचा नियम.
आवारातली आधी भरली.
आषाढात एका टेम्पोत आठ गेली.
चिखलात त्यांच्या बसण्याचे खळगे राहिले,
प्रत्येकात ओंजळभर पाणी, त्यात शिरीषाची पानं.
कोब्यावरची अजून उभीच,
बरगड्या दाखवत.
त्यांना मोप वेळ आहे.

ही गोष्ट ताईंच्या कागदावर नाही.
तिथे चढती रेघ कोपऱ्यापर्यंत जाते
आणि कागद संपतो.

काल मंगळवार होता.
सात नंबरच्या छातीभोवती टेप घेतली
आणि दोन बोटं जास्त ओढली.
"एकशे चौतीस."
ताईंनी मागचं पान काढलं.
"मागच्या वेळी अडतीस होता की! कमी कसा झाला?"
"जागा वाईट आहे, ताई," मी म्हटलं. "कोबा."
त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

रात्री गोठ्यात गेलो, सवयीनं.
सोडला तर गादीवर झोपेल, वाढेल, भरेल.
बांधला तर उभा राहील, आणि राहील.
गाठीवर हात ठेवून
किती वेळ थांबलो, कोण जाणे. हायवेवरून ट्रक जात होते.
सात नंबर माझं मनगट चाटत होता,
खरबरीत जिभेनं,
घामाच्या मिठासाठी.