अर्धा मायक्रॉन

उद्यमनगरात, लेथच्या खडखडाटामागं पत्र्याची शेड.
आत शिशाच्या पाट्या सोडलेली टाकी,
टाकीत क्रोमिक ॲसिड :
काळपट तांबडं, वरून शांत.
"रश्श्यागत दिसतंय," बाप सांगायचा,
"पण बोट बुडवलंस तर नख विसर."

आकाराम त्याचं नाव. गल्लीत मात्र पाणीवाला.
बुलेटचा सायलेन्सर, रिक्षाचा बंपर, नळाच्या तोट्या,
एकदा तर कुणा पैलवानाच्या गदेची मूठ,
सगळ्यांवर पाणी चढवायचा.
आधी तांबं, मग निकेल, शेवटी क्रोम,
अर्धा मायक्रॉन.
केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ,
आणि तेवढ्यात बघून लोक भांग पाडायचे.

आमचं घराणं कातड्याचं.
सिद्रामचुलता अजून सुभाषनगरात
बाभळीच्या सालीत, हिरड्याच्या पाण्यात
कातडं घालतो आणि वाट बघत बसतो.
बापाला तो वास नको होता.
कमवायचं तर कातडंही असतं, पैसाही.
त्यानं पैसा धरला.
वास गेला खरा,
आधी कातड्याचा,
मग फोडणीचा,
मग सगळाच.

डॉक्टरनं नाकात बॅटरी मारली.
"पडद्याला आरपार भोक आहे. किती वर्षं टाकीवर?"
"अठरा."
आई दारात उभी होती, हात आपल्या चमकीवर.
आमच्यात नाक टोचतात ते सोन्यासाठी.
हे भोक बिनदागिन्याचं.
रात्री झोपेत ते वाजायचं, बारीक शीळ,
लांबच्या माळावर कुणी ढोरं वळवतंय तशी.
धाकटा हसायचा.
मी हसलेच नाही असं नाही.

शाळेत घोरपडेबाईंनी फरशीच्या तुकड्यावर
नारिंगी खडे पेटवले. डायक्रोमेट.
ठिणग्या उसळल्या, पोरं ओरडली,
आणि खाली उरली हिरवी राख,
चहाच्या पत्तीसारखी हलकी, ढीगभर.
"धातू तोच," बाई म्हणाल्या,
"संयुजा सहा असली की जाळतो,
तीनवर आला की निवतो.
माणकाचा लाल त्याचा, पाचूचा हिरवाही त्याचाच."
वर्ग माणकात अडकला.
मी त्या सहात.

पहिल्या पगारात बापाला बूट घेतले,
काळे, तोंड दिसेल असे.
आठव्या दिवशी पाय फोडांनी भरले.
कातडीच्या डॉक्टरनं धंदा विचारला, बूट उलटून बघितला :
"हे कातडं क्रोमच्या मिठात कमावलंय.
यांचं अंग क्रोमला ओळखतं आता."
ओळखतं, असंच म्हणाला.
जुनं माणूस उंबऱ्यात आलं की आपण उठतो,
तसं उठलं होतं ते.

सिद्रामचुलत्यानं न विचारता कागदावर पाय ठेवून घेतला.
पंधरा दिवसांनी पायताण आलं,
हिरड्याचं, जाड, करकरणारं.
घरात आधी आवाज येतो,
मागनं बाप.
दोघं भाऊ वास या विषयावर अजून बोलत नाहीत.

मी शिरोलीला, कारखान्यांच्या सांडपाण्यावर.
पिवळं पाणी येतं, दिसायला लिंबाच्या सरबताइतकं निष्पाप.
आम्ल सोडायचं, मग बायसल्फाइट, चमच्यानं नव्हे, पोत्यानं.
पिवळं आधी मळतं, डगमगतं,
आणि कधी झालं ते न कळता
हिरवं.
सहाचे तीन.
मग चुना, मग तळाला बसणारा गाळ.
गाळाचं पुढं काय, ते वेगळ्या रजिस्टरात.
रोजचंच आहे. रोज थांबून बघते.

परवा बापाला नेलं.
कठडा धरून तो टाकीत वाकला,
रंग फिरेपर्यंत हलला नाही.
"एवढंच हुतं व्हय?" म्हणाला,
आणि खोल श्वास घेतला.

शीळ वाजली. भरदिवसा.

मी चुन्याचं पुढचं पोतं फोडलं.