पूज्य

कारखान्याला धावपट्टी नव्हती.
नागोयाच्या समुद्राकाठी, भराव घातलेल्या दलदलीवर
शेड उभी, आणि शेडमधून विमान बाहेर पडायचं
बैलगाडीनं.

विमानतळ पंधरा कोस दूर, कागामिगाहाराच्या माळावर.
लॉरीतून नेलं तर खड्ड्यांत चेमटेल,
पत्रा इतका पातळ की नखानं टिचकी मारली
तर ताटलीसारखा वाजे.
म्हणून बैल.
म्हणून हिबिनो तोकुजिरो, भाड्याची गाडी, वय बेचाळीस.
याआधी त्यानं मिसोची पिंपं वाहिली होती, दगडी दिवे,
आणि एकदा देवळाची घंटा,
जी अख्ख्या वाटेत एकदाही बोलली नाही.
त्यावरूनच मला निवडलं, असं तो सांगे.

पहिली खेप मार्चातली, रात्रीची.
पुढच्या गाडीवर पंख आणि धड, एकजीव.
मागच्या गाडीवर शेपूट.
वर ताडपत्री. बाजूनं कंदील घेतलेला शिपाई.
कोमाकीच्या चढावर एका म्हाताऱ्यानं विचारलं,
काय नेतोस रे?
तोकुजिरो म्हणाला, लग्नाचं कपाट.
ताडपत्रीखालून पंखाचं टोक डोकावत होतं.
मोठ्या घरची दिसते पोर,
म्हातारा म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

आकाशात ताशी पाचशे किलोमीटर,
इथं ताशी एक कोसही नाही.
पहाटे काळा बैल थांबला
आणि मान वळवून मागं बघत राहिला:
एवढं मोठं, मग जड का नाही?

त्याला कोण सांगणार.
वैमानिकाच्या पाठीमागं पोलादी पत्रा नव्हता.
तेलाच्या टाकीला अस्तर नव्हतं.
फासळ्यांना भोकं पाडून ग्रॅम ग्रॅम काढला होता.
उरलं ते फक्त लांब जाणं
आणि चटकन वळणं.

नाव पंचांगावरून पडलं.
सम्राटांच्या गणनेतलं सव्विसशेवं साल,
शेवटचा आकडा शून्य.
आमच्याकडे शून्याला पूज्यही म्हणतात, तोकुजिरो.
हिशेबातलं पूज्य आणि देव्हाऱ्यातलं पूज्य,
शब्द एकच.
तुला हे कळतं तर तू आसाला
आणखी थोडं वंगण घातलं असतंस.

दोनेक वर्षं त्याला तोड नव्हती.
मग उत्तरेच्या एका गारठलेल्या बेटावर,
चिखलात उलटं पडलेलं, जवळजवळ अखंड,
एक शत्रूच्या हाती लागलं.
त्यांनी ते नेलं, दुरुस्त केलं, उडवून पाहिलं.
गुपित एवढंच निघालं
की आत काही ठेवलेलंच नव्हतं.

इकडे खेपा वाढल्या.
पेंड रेशनवर गेली, मग नुसता भुसा,
मग तोही नाही.
बैलांच्या फासळ्या दिसू लागल्या,
जणू त्यांचंही वजन कुणी
कागदावर कमी करत बसलं होतं.

माळावर विमान ताब्यात घ्यायला
कुवायामा शिगेओ नावाचा पोरगा आला.
विमानाकडे न बघता त्यानं काळ्याचं कपाळ खाजवलं.
किती वर्षांचा?
नऊ.
माझ्या निम्मा, तो म्हणाला.
त्या खेपेच्या विमानाला पोटाखाली
बाँब अडकवायची कडी होती.
परतीच्या तेलाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

डिसेंबरात जमीन हलली, भराव खचला.
वरून आग पडली ती नंतर.
काळा किसो नदीच्या पुलावर बसला.
तोकुजिरोनं पराणी उचलली नाही,
जू सोडलं आणि बाजूला उभा राहिला.
त्याच्या जागी दांडगे घोडे आले. ते जोरात चालत.

युद्ध सरल्यावर तोकुजिरोला
पुन्हा भाडं मिळालं, तीच वाट, उलटी.
माळावरून भंगार भरायचं, भट्टीवर ओतायचं.
आता चेमटलं तरी चालत होतं.
त्या हिवाळ्यात किनुनं बाजारातून
एक नवं पातेलं आणलं, हलकं,
हातात आहे की नाही कळू नये इतकं.

तोकुजिरोनं त्याला नखानं टिचकी मारली.
ऐकलं.
मग काही न बोलता
जव धुवायला घेतले.