एडिटर पाहिजे

जाहिरात मीच लिहिली:
'प्रादेशिक इतिहासावरच्या मालिकेसाठी
फ्रीलान्स व्हिडिओ एडिटर पाहिजे.
भाग तेरा. प्रत्येकी बावीस मिनिटं.
स्वतःचा कॉम्प्युटर असल्यास प्राधान्य.
मराठी येणं आवश्यक.'
शेवटच्या ओळीवर पेन जरा अडखळलं,
मग म्हटलं, असू दे. पुण्यातही लिहावं लागतं आता.

ऑफिस नव्या पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर.
खाली स्पर्धा परीक्षेची पोरं रांगेत,
'इतिहास, संपूर्ण', स्पायरल बाइंडिंगसकट एकशे चाळीस रुपये.
वर माझ्याकडे तोच इतिहास
सहा हार्ड डिस्कांत, अर्धवट,
आणि त्याची किंमत चॅनेल अजून ठरवतंय.

पहिला आला तो तलवारी घेऊनच.
म्हणजे लॅपटॉपमध्ये. उपसलेल्या, लखलखत्या,
कुठल्याही शतकावर चिकटवता येतील अशा.
'सर, धूर पण आहे. घोडे आहेत. घोड्यांचे वेगळे पैसे.'
दुसऱ्याने विचारलं, निवेदन कोण करणार,
आवाज भारदस्त असला की कापायला सोपं जातं.
तिसरा आलाच नाही. मेसेज आला, वेबसीरिज मिळाली.

चौथी शमीम अत्तार.
भोरमध्ये सात वर्षं लग्नांचे व्हिडिओ कापलेली.
'इतिहासातलं मला काही कळत नाही,'
खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली,
'पण नवरीचा बाप कॅमेऱ्याकडे पाठ कधी करतो, ते कळतं.'
मग तिने न कापलेलं सगळं शूटिंग बघायला मागितलं.
तोवर कुणीच मागितलं नव्हतं.

भाग चार. धरणाखाली गेलेलं गाव.
कोंडीबा मरगळे, काठावर, खांद्यावर घोंगडी,
पाण्याकडे बोट करून सांगतायत:
'त्या तिथं आमची चूल. तिच्या म्होरं गोठा.
अन् त्या तिथं...'
आणि थांबतात.
बोट तसंच, जरासं थरथरणारं.
वारा माइकमध्ये शिरतो.
लांबून पर्यटकांची बोट फटफटत येते,
त्या बोटाखालून निघून जाते.

तिथे मी लाल खूण करून ठेवली होती: कट.

शमीमने हेडफोन एका कानावरून सरकवला.
'अकरा सेकंद आहेत,' म्हणाली.
'पण बाराव्याला हे मध्येच कोण बोलतंय?'
मी ऐकलं.
'बरं, मग पुढे?'
घाईतला, नीट शुद्ध, पुणेरी आवाज.
'मीच तो.'
ती हसली नाही.
'काढता येतं,' म्हणाली.
'तुम्हाला काढू. त्यांना राहू दे.'

भागाला मी नऊ हजार सांगितले, तिने साडेअकरा.
निम्मे आधी.
'चॅनेलचे पंचेचाळीस दिवस मला सांगू नका,
तेवढ्यात माझं घरभाडं दोनदा येतं.'
आणि मे महिन्यात आठवडाभर काम नाही.
जुनं गिऱ्हाईक आहे, थोरलीचं लग्न तिनेच केलेलं,
आता धाकटीचं.
मी हो म्हटलं.
नाही म्हणायला माझ्याकडे उरल्या होत्या तलवारी.

डिस्क तिने नॅपकिनमध्ये गुंडाळली,
डब्याच्या पिशवीत, डब्यावर न ठेवता शेजारी ठेवली,
आणि स्वारगेटच्या बससाठी निघाली.

चॅनेलला लिहायला बसलो:
'चौथ्या भागात अकरा सेकंद कुणी बोलणार नाही.
तांत्रिक बिघाड समजू नये.'
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.
खालून झेरॉक्सचा हिरवट उजेड
जिन्याच्या भिंतीवर सरकत होता, पानामागून पान.
एक पोरगं ओरडलं,
'काका, धरणांचा तक्ता यात आलाच नाही!'
'मागच्या पानावर बघ,' काका म्हणाले,
आणि मशीन पुन्हा चालू केलं.