अग्रक्रम एक

क्लाक्स्विकच्या बंदरावर मॅकरेलचा हंगाम,
आणि मी रात्रपाळीला.
थर्मास, काळा पडदा, त्यावर उघडझाप करणारा कर्सर.
भिंतीपलीकडे लिलावघरात एकच मोठा प्रिंटर,
त्याच्याकडे जायची वाट या पडद्यातून.
एल पी लिहायचं, फाइलचं नाव, एंटर.
कुठल्या प्रिंटरवर ते सांगितलं नाही तरी चालतं,
न सांगितलेलं सगळं इथेच येतं.

एलपीस्टॅट विचारलं की रांग दिसते:
हॉग्नीची वजनपावती, तीन प्रती.
बर्फाचं बिल.
दवाखान्याच्या स्वयंपाकघराचा उद्याचा बेत,
कारण त्यांचा प्रिंटर पंधरा दिवस आजारी,
दवाखान्यातच असून.
आणि सगळ्यात खाली, नऊ दिवसांपासून,
चारशे बारा. मालक बॉरुर. एक पान.
शीर्षक: राजीनामा.

बॉरुर म्हणजे गोदीतला इंजिनवाला.
एकतीस वर्षं बोटींच्या पोटात हात.
माऊस धरत नाही, म्हणतो ग्रीसने निसटतो.
हुकूम टाइप करतो, दोन बोटांनी,
एकेक अक्षर बोल्टसारखं आवळत.
त्याच्या नावात एक अक्षर आहे,
लिहितात सगळे, उच्चारत कोणी नाही.
आमच्या जुन्या प्रिंटरला ते येत नाही,
त्या जागी तो प्रश्नचिन्ह छापतो.
दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर
बॉरुरच्या मधोमध एक प्रश्न.

इथे कामाला अग्रक्रम देता येतो, एक ते शंभर.
काहीच लिहिलं नाही तर पन्नास.
लिलाववाले शंभर लिहितात, सवयीने;
कॉफी मागवतानाही लिहितील.
बॉरुरने लिहिलंय एक.
म्हणजे आधी सगळे जाऊ देत,
मागून आलेलाही पुढे जाऊ दे,
कोणीच उरलं नाही, तरच मी.
हंगामात ही रांग संपत नाही
हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

मला अधिकार आहेत.
कॅन्सल, आणि पुढे तीन आकडे.
नाहीतर उचलून शंभरावर ठेवायचं,
सात सेकंदांत पान ट्रेमध्ये, कोमट.
दोन्ही हुकूम मी टाइप करून पाहिले
एंटर न दाबता.
मग बॅकस्पेस, बॅकस्पेस.

दहाव्या रात्री वादळ.
एकही बोट आली नाही.
दोन वाजता रांगेत तिघे. सव्वादोनला त्याच्यापुढे एकच.
शेवटची पावती सरकताना ऐकू आली
आणि मी, का ते विचारू नका,
प्रवाहांचा तक्ता पाठवला, चाळीस प्रती:
खाड्यांतलं पाणी पूर्वेला कधी वळतं, पश्चिमेला कधी.
मग तोच, मोठ्या अक्षरांत.
मग कुठल्याशा जुन्या वर्षाचे बर्फाचे दर.
मग आईची रुबार्बच्या मुरंब्याची कृती,
सोळा प्रती, पाठपोट.
मध्येच कागद संपला. धावत जाऊन भरला.
न भरता बसले असते तरी रांग थांबलीच असती,
हे सुचलं तेव्हा ट्रे लावून झाला होता.
पाच चाळीसला पहिली बोट धक्क्याला लागली,
हॉग्नीचं शंभर आलं,
मी टेबलावर डोकं टेकलं.

सकाळी बॉरुर दारात. टोपीतून पाणी.
हात पुसतोय, जे कधीच पुसले जात नाहीत.
"एक तक्ता दे."
"कसला?"
"प्रवाहांचा. चाळीस काढलेस ना."
मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने प्रिंटरकडे.
रांग मला एकटीलाच दिसते
असं मी कशावरून धरून चालले होते?
"मोठ्या अक्षरांतला," तो म्हणाला,
"चष्मा बोटीत राहिलाय."

चार घड्या, खिसा, गेला.
मी एलपीस्टॅट विचारलं.
हॉग्नी, हॉग्नी, बर्फ,
दवाखान्यात आज मासळीचं सूप,
आणि खाली, जिथल्या तिथे,
चारशे बारा.