लोपीस, एकूण नोंदी दोनशे चौदा

चिठ्ठीवर विषय लिहा, म्हणाले.
मी लिहिलं: लोपीस.
आडनाव हा विषय नसतो मॅडम,
तरी त्यांनी संगणकात टाकून पाहिलं.
दोनशे चौदा.

मग विचारलं, शेवटी स की झ?
स वाले एका बंदरातून आले,
झ वाले दुसऱ्या,
आणि ज्या कारकुनाला दोन्ही धड ऐकू आलं नाही
त्याने लिहिलं लोपू, लुपीस, लोपेश.
एका पानावर तर लोपाशेठ.

पेन चालत नाही इथे. शिसपेन्सिल.
फोर्टातल्या दगडी इमारतीत
बासनांच्या लाल गाठी सोडवत
आठवडाभर भेटते आहे माझ्या नसलेल्या माणसांना.

गलबतावरचा आचारी लोपेझ, मनिलाहून निघालेला,
माझगावात उतरला तो ताप घेऊनच.
पगार बाकी साडेतीन रुपये, वारस कोणी नाही.
वारस म्हणून सही ठोकावी असं क्षणभर वाटलं.
एस्पेरान्स लोपीस, विधवा, विनापरवाना ताडी विकली,
दंड दोन रुपये, भरला नाही.
पुढच्या वर्षी पुन्हा तीच,
दंड चार, भरला नाही.
ही मात्र आमच्यातली असणार.
आणि एक बँडवाला, कर्णा फुंकणारा, त्याचा अर्ज:
पुढचे दात पडले, दुसरं काही काम द्यावं.
उत्तर फायलीत नाही.

खरं तर मला हवा होता एक तुकडा जमिनीचा,
मरोळच्या गावठाणात, विहीर आणि क्रुसाच्या मधला,
जिथे आता बिल्डरचे निळे पत्रे उभे आहेत.
वकिलाला चार पिढ्या पुरणार होत्या.
त्या दुसऱ्याच दिवशी मिळाल्या, शिक्क्यासकट.
मग मी का थांबले नाही
ते मला विचारू नका,
आईला विचारा, ती म्हणते
हिला लहानपणीही खपली काढायची सवय.

चौथ्या दिवशी काउंटरवरच्या साहेबांनी
आतून एक जाडा कोश आणला.
हे बघा, लोपेस.
मूळ शब्दाचा अर्थ लांडगा. तुम्ही लांडग्याची लेकरं.
मग खिशावरच्या पाटीवर बोट ठेवलं:
भ. रा. लांडगे.
आम्ही इतके हसलो
की कोपऱ्यातल्या पीएच.डी.वाल्याने मान वर केली.
भावकीच निघाली, लांडगे म्हणाले.
आमच्याकडे सात पिढ्या मेंढरं राखली,
आणि आडनाव बघा!
त्या दुपारी डबा आम्ही एकत्र खाल्ला.
माझा बॉटल मसाला त्यांना झेपला नाही.

आज रिळावर तो रविवार सापडला.
मूळ वहीची नक्कल, नकलेची फिल्म,
फिल्मवर बुरशीची नक्षी.
सतरा बाप्तिस्मे, धर्मबाप एकच,
मानुएल लोपेस, वखारीतला मोजणीदार,
ज्याला बहुधा कुणाला नाही म्हणता येत नसे.
कोळी, कुणबी, भंडारी, एक न्हावी,
सकाळी आपापल्या नावांनी आत गेले
आणि उन्हं चढल्यावर
एकाच आडनावाने बाहेर येऊन पेज प्यायले.
रक्त नाही, सोयरीक नाही,
एक रांग होती नुसती.

नवव्या नंबरला पास्कू. आमचा.
पुढे रकाना: आधीचं नाव.
रकाना रिकामा नाही, हे आधी सांगते.
तिथे शाई आहे, शाईत कसरीने पाडलेलं भोक,
भोकाच्या अलीकडे एक अक्षर वाचलेलं,
ब, किंवा भ.
लिहिणाऱ्याच्या लिपीत दोन्हींना एकच चिन्ह,
फुंकर कुठे मारायची ते तिला ठाऊक नव्हतं.

बाळ्या? भिकू? बुधा? भागोजी?
मी एकेक नाव ओठांत म्हणून पाहिलं,
कुणी ओ देतंय का.
लांडगे खिडक्या लावू लागले.
साडेपाच झाले, म्हणाले,
आणि उद्याची चिठ्ठी पुढे सरकवली.
विषयाच्या रेघेवर पेन्सिल टेकवून
मी अजून बसले आहे.