ॲव्हरेज

गाडी तेरा द्यायची, ती नऊवर आली.
टॉवेलच्या गाठी तेवढ्याच, रस्ता तोच,
सोलापूर ते लातूर, रिकामी परत,
तुळजापूरचा घाट काही वाढला नव्हता.
मग डिझेल जातंय कुठं?

मी वही घातली.
डावीकडे किलोमीटर, उजवीकडे लिटर.
टाकी गळ्यापर्यंत भरायची,
पुढच्या खेपेला त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत.
भागाकार मात्र घरी करायचो,
इरय्या गेल्यावर.

इरय्या सात वर्षं ही गाडी चालवतो.
नऊ पूर्णांक दोनच्या पुढं
मी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं.
बारीकच. पण दाबून.

सांगितलं, साठच्या वर नको. तो साठवर आला.
सांगितलं, हवा सकाळी बघ, टायर थंड असताना.
बघायला लागला.
एअर फिल्टर झटकला तर
अख्ख्या अक्कलकोट रोडची धूळ अंगणात.
टपावरचा लोखंडी कॅरिअर उतरवला,
ताडपत्री हलगीसारखी ताणली.
"चहाला थांबलास की इंजिन बंद करत जा."
"बंदच करतो की, मालक,"
म्हणाला, आणि माझ्याकडं
जरा जास्त वेळ बघत राहिला.

साडेनऊ.

मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला असताना,
लातूरहून आल्या आल्या
चांदसाब मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली,
मागचं डावं चाक हातानं फिरवून बघितलं.
फिरेना.
"ह्ये बघा शेठ. ब्रेक सोडतच न्हाई.
गाडी पळतीय बी, आन् सोताला धरतीय बी."
मी ड्रमला बोट लावलं.
फोड आला.

तर इथं होतं माझं डिझेल.
चढाला, सपाटीला, उतारालासुद्धा,
थोडं थोडं, रोज,
ह्या काळ्या लोखंडात तापून गेलेलं.
चाकातला एक सिलिंडर गंजला होता,
अंगठ्याएवढा.

पुढच्या खेपेला बारा पूर्णांक सहा.
इरय्यानं पहिल्यांदाच वही मागितली.
ओळीवरून बोट फिरवत आला
आणि नऊ पूर्णांक दोनपाशी थांबला.
मी खोडलं होतं, आदल्या रात्रीच.
पण कागद उन्हात तिरका धरला
की वळ दिसतो.

"हितं काय हुतं?"
"काही नाही," मी म्हणालो. "हवेचं काहीतरी."

त्यानं वही परत दिली नाही.
सनशेडच्या खाचेत, लायसनशेजारी खोचली.
आता भागाकार तोच करतो,
पंपावर, माझ्यासमोर,
मोठ्यानं.