टक्के

डिचोलीच्या बाजारात, सायकलींच्या दुकानावर,
संध्याकाळी साडेसहाला माझा वर्ग.
अकरा जण, सहा बाकं, एक पंखा.
आज फिरायचं की नाही ते पंख्याचं तोच ठरवतो.
बहुतेकांना जहाजावर जायचंय,
केबिनी झाडायला, ताटं उचलायला.
मागच्या बाकावर दामोदर सालेलकर, वय एकोणपन्नास,
त्याला कुठेच जायचं नाही.

फळ्यावर आज शक्यता.
पुस्तकात होते तसे मी टक्के मांडले:
मस्ट, पंच्याण्णव.
मे, पन्नास.
माइट, तीस. कुडही तिथेच कुठेतरी.
कान्ट, शून्य.
‘कोणी मोजले, टीचर?’ फिलोमेना म्हणाली.
मी म्हटलं, लिहून घ्या.

मला तरी हे कुठे पटलंय.
आपण म्हणतो, तो पोचला असेल,
आणि होऊन गेलेली गोष्ट
उद्याच्या फडताळात ठेवून मोकळे होतो.
म्हणतो, फेरी सुटली असावी,
त्या ‘असावी’त थोडा अंदाज
आणि थोडी इच्छा, की सुटली असली तर बरं,
नाही गेलं म्हणून कोणी बोलायला नको.
खालची दुकानवाली तर एवढंच म्हणते, ‘पोदेर येतलो.’
पाच मिनिटांत की उद्या,
तिला कोणी विचारत नाही. पाव मिळतो.

खुशालीनं शब्दकोश उघडला होता.
‘टीचर, हांगा माइट म्हणजे सामर्थ्य दिलंय.’
वर्ग हसला. मीही.
तो वेगळा शब्द, मी म्हटलं,
स्पेलिंग तेवढं एक.
पण खुशालीनं दोन्ही अर्थ
एकाच ओळीत उतरवून घेतले.

गृहपाठ: पाच वाक्यं, आपापल्या घरची.
खुशालीनं लिहिलं, फोन वाजतोय, आईच असणार,
इतका वेळ दुसरं कोणी वाजवत नाही.
दहापैकी नऊ.
फिलोमेनाचा नवरा दोहात झोपला असेल,
किंवा नसेल झोपला.
तिथे मी बरोबरची खूण केली आणि पुढे गेले.
दामोदरची पाचही वाक्यं एकच.
खाण सुरू होईल.
खाण सुरू होईल.
विल, विल, विल, विल, विल.
मी पाचही ठिकाणी लाल रेघ मारली,
वर बारीक अक्षरात माइट लिहिलं.
दोन गुण. अक्षर चांगलं होतं म्हणून.

त्यानं वही बराच वेळ पाहिली.
‘माइट म्हणजे किती म्हणालात?’
तीस.
‘तिसांत बॅटरी राहत नाही, टीचर.’
मला वाटलं, फोनची म्हणतोय.
वही तो बाकावरच ठेवून गेला.

रविवारी दुपारी बोर्ड्याला गेले होते,
शिवायला दिलेली पोलकी आणायला.
त्याच्या घरासमोर, फणसाखाली, त्याचा ट्रक.
मडगार्डच्या फटींत अजून लाल माती,
टायरांमधून कमरेएवढं गवत,
एका हेडलाइटमध्ये कुठल्यातरी पाखरानं काड्या आणून ठेवलेल्या.
अंगणात कोणी नव्हतं.
का कोण जाणे, मी बॉनेटवर हात ठेवला.

गरम.

उन्हानं तापलं असेल?
पण फणसाची सावली गर्द, सकाळपासूनची.
कान्ट.
कोणी नवीन ट्रक आणून लावला असेल?
गवत तर तसंच उभं.
कान्ट.
मग उरलं ते एकच,
ज्यासाठी पुस्तकात पंच्याण्णव टक्के दिलेत
आणि आजवर मी ज्याचं उदाहरण
ओल्या छत्रीवरच भागवलं होतं.

घरातून भांड्याचा आवाज आला.
मी हात काढला, पोलकी काखेत धरली
आणि चोरासारखी रस्त्याला लागले.

वही माझ्याकडेच होती.
रात्री लाल पेन घेतलं.
पाच माइट.
त्यातला एक मी खोडला.
चार तसेच ठेवले.